दोन मापटी, एक शेर

मार्गशीर्ष वद्य, पंचमी असावी. वालूर.

ही वही सिद्रामप्पा मास्तरांनी दिली. म्हणाले, "रोज जे कळलं न्हाई ते एक ओळ लिहीत जा." मला न कळलेलं लिहायचं म्हटलं तर वही आठवड्यात संपेल. म्हणून मी सगळंच लिहिणार, आणि त्यांना दाखवणार नाही.

खरं तर काल मी इथं थांबणारच नव्हतो. सटवाजी बायस्कोपवाल्याचा डबा डोक्यावर घेऊन सेलूच्या बाजारातून निघालो होतो. गावोगाव आगऱ्याचा ताज आणि दिल्लीचा लाल किल्ला दाखवत गंगाखेड गाठायचं होतं. वालूरच्या मठापाशी आलो तर ओसरीवर मिशा फुटलेले गडी पोरांसारखे मांडी घालून औटकी म्हणत होते. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. एकजण म्हणाला, "सात औटं साडेबावीस." माझ्या तोंडून रस्त्यावरूनच निघून गेलं, "साडेचोवीस."

ओसरीवरचे म्हातारे मास्तर उठून बाहेर आले. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, हातात खडू.

"कोण रे त्यो?"

"वाटसरू हाय. जायलाय."

"जा की. पर साडेचोवीस कसं तेवढं सांगून जा."

"पाठ हाय."

"पाठ हाय ते ऐकू आलं. कसं, ते इचारायलाय."

मला सांगता येईना. माझ्या गावच्या, ताडकळसच्या पंतोजीनं छडीखाली घालून दिलेला पाढा. नुसते आकडे तोंडात बसले होते. कसं म्हणून कुणी विचारलंच नव्हतं. मी डबा खाली ठेवला. बोटं मोजली, खडे मांडले. सटवाजी थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, "आश्रुबा, येतूस का? गिऱ्हाईक म्होरं हाय."

"तुमी व्हा म्होरं, मी आलोच."

तो डबा उचलून गेला. मी आलोच नाही. सात तीन एकवीस आणि सात अर्धे साडेतीन, हे खड्यांवर जुळेपर्यंत दिवस कलला होता.

दोन दिवसांनी.

हा सगळा प्रकार काय आहे ते आज कळलं. इथले धान्याचे आडते चन्नप्पा शेट यांनी हा वर्ग चालवला आहे. वालूर धरून जवळ-लांबच्या सहा गावांत शाळा नाही. सहा माणसं मास्तर म्हणून तयार करायची आणि एकेका गावाला एक द्यायचा. पण सरकारच्या इजाजतीशिवाय खाजगी शाळा उघडता येत नाही. शिवरात्रीनंतर शाळा तपासणारे मुहतमीम साहेब परभणीहून येणार आहेत. आम्ही गणित कसं शिकवतो ते बघणार. त्यांचं समाधान झालं तर सहाही गावांना इजाजत. नाही झालं तर वर्ग बंद, आणि सहा गावांची पोरं ढोरांमागं.

सहावा गडी लग्न ठरलं म्हणून पळाला, म्हणून मला धरलं. भाकरीची सोय आहे. माझं काही जात नाही. बोचकं दाराशी तसंच बांधलेलं आहे: कांबळं, तांब्या, सुतळीचा गुंडा, आणि हे सगळं ज्यात बांधलंय ते फडकं. पुढच्या बाजारापर्यंत राहीन.

मार्गशीर्ष वद्य, संपता संपता.

आज मास्तरांनी ओसरी मोजायला लावली. म्हणाले, हातानं मोजा. इथलाच मुंजाजी म्हणून एक धिप्पाड गडी आहे, कुणब्याचा. पाढे असे ओरडतो की मठाची कबुतरं उडतात. त्याचे हात चौदा भरले. उमाक्काचे सतरा. उमाक्का मास्तरांची लेक, मुलींना शिकवण्यासाठी तयार होतेय. माझे पंधरा आणि थोडं.

"ओसरी किती लांब?" मास्तरांनी विचारलं.

"चौदा हात," मुंजाजी म्हणाला.

"तुजा हात हाय का वखर? सतरा," उमाक्का म्हणाली.

भांडण बरंच चाललं. शेवटी मास्तर माझ्याकडं बघून म्हणाले, "तुज्या बोचक्यात सुतळी हाय न्हवं?" त्यांना कशी दिसली कोण जाणे. मी काढून दिली. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत एक हात असं ठरवून सगळ्यांनी तीच लावली, आणि सगळ्यांचं उत्तर एक आलं.

न कळलेली ओळ: एवढ्या साध्या गोष्टीला अख्खी सकाळ का घालवली?

सुतळी परत मागायची राहून गेली.

पौष शुद्ध, तिथी विचारली नाही.

मास्तर गप्पिष्ट आहेत. जेवताना ताडकळसची चौकशी करतात. पोरं किती, चावडी मोठी आहे का, सावलीची जागा कुठं, पाटील कसा माणूस. मी सांगतो. मारुतीच्या देवळापुढं लिंबाची सावली दुपारपर्यंत टिकते हेही सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला बोलायला कुणी तरी लागतं.

मी विचारलं, "तुमी आलाव का कदी ताडकळसला?"

"न्हाई. आता बसल्या बसल्या बगून आलो," म्हणाले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी.

माझी फजिती लिहितो. आज पहिल्यांदा मला सरावासाठी बोलावलेल्या गावातल्या पोरांपुढं उभं केलं. विषय अर्ध्याचा. मास्तरांनी तिळगूळ वाटून शिकवला असता, पण मला वाटलं आपण जन्मभर बघितलेली मापं घ्यावी. शेटच्या आडतीतून शेर आणला, मापटं आणलं. मापटं म्हणजे अर्धा शेर, हे पोरांना ठाऊकच असतं. दोन मापटी ज्वारी शेरात ओतायची, शेर बरोबर भरायचा, झालं शिकवून.

मी पहिलं मापटं भरलं. दुसरं भरलं. शेर काठोकाठ भरला आणि ज्वारी भुईवर सांडली. ओंजळभर तरी सांडली असेल. शेरावर शीग चढवून बघितली तरी थोडी उरलीच.

पुढं बसलेली बायना, सात-आठ वर्षांची, म्हणाली, "मास्तर, दोन अर्ध्ये एकाहून जास्त हुतेत."

मी म्हणालो, "न्हाई."

"मंग हे काय सांडलं?"

सगळी पोरं एका सुरात म्हणू लागली, अर्धा नि अर्धा एकाहून जास्त. मी पुन्हा भरलं. पुन्हा सांडलं. मुंजाजी मागं तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून हसत होता. शेवटी मी म्हणालो, "अर्धा नि अर्धा एक, पाठ करा." पंतोजीचा आवाज माझ्या तोंडातून आला. छडी तेवढी नव्हती.

मास्तर खाली बसून सांडलेली ज्वारी वेचत राहिले.

दुसरा दिवस.

गावभर झालं. पाणवठ्यावर बाया म्हणायल्या, मठाच्या शाळेत अर्धा नि अर्धा दीड शिकवायलेत. चन्नप्पा शेट तणतणत आले.

"मास्तर, माज्या आडतीवर गिऱ्हाईक इचारायलंय, शेट, दोन मापटी घेतली तर दीड शेर द्याल का म्हणून. ही गोष्ट परभणीला गेली तर? साहेब यायच्या आदी ही गोष्ट जाईल."

"जाऊ द्या," मास्तर म्हणाले.

"ह्यो गडी काढा."

मी उठलो. माझ्यामुळं सहा गावांचं नुकसान नको. बोचकं बांधायला गेलो तर कांबळं नव्हतं. पोरांच्या खाली अंथरलं होतं, थंडी आहे म्हणून उमाक्कानं. पोरं त्यावर बसलेली. ओढून कसं घ्यावं?

मास्तर आले. म्हणाले, "चुकलेला तास तुजा हाय. दुसऱ्याला कसा दिऊ? तेवढा फेडून जा."

"मला कळंना कुठं चुकलं."

"ते पोरास्नी इचार. सांडलेलं त्यांनी बगितलंय."

शेट दाराशी उभे होते. मास्तरांनी त्यांच्याकडं बघून एवढंच म्हटलं, "शरणार्थ, शेट." म्हणजे निरोपाचा नमस्कार, आता घरी जा.

पौष वद्य, द्वितीया.

एवढा आनंद झालाय की जेवायच्या आधीच लिहायला बसलोय.

पोरांना विचारलं, जास्तीची ज्वारी आली कुठून? मला वाटलं होतं कुणी बोलणार नाही. सगळी एकदम बोलली. एकजण म्हणाला, मास्तरच्या हातात लपली असंल. बायना उठून मापट्यापाशी बसली आणि वरच्या ढिगावर बोट ठेवून म्हणाली, "हे. हे मापट्याच्या भाईर हाय."

शीग. आमच्याकडं धान्य द्यायचं तर शीग चढवूनच द्यायचं. सपाट माप दिलं तर घरची बरकत जाते म्हणतात. माझा हात आपोआप शीग चढवत होता, आणि मापट्यावरची ती मला दिसतच नव्हती. त्यात आडतीचं मापटं बसकं, तोंडाला रुंद. त्याच्यावर ढीग मोठा बसतो. शेर उंच, तोंडाला अरुंद. त्याच्यावर कमी बसतो. मी अर्धा म्हणत होतो, पण देत होतो अर्धा नि वर देवाचं.

"मंग काडी फिरवा, सपाट करा," मी म्हणालो.

बायना म्हणाली, "आमच्या आजीला सांगीन. सपाट माप मेल्याच्या घरी."

निम्म्या पोरांनी तोंडावर हात ठेवले. मी मधेच अडकलो. गणितासाठी यांच्या घरची बरकत घालवू का? उमाक्का दारात उभी होती. ती आत गेली, माझ्याच बोचक्यातला तांब्या भरून घेऊन आली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "आश्रुबा, पाण्याला शीग चढते का?"

पाण्याला शीग नाही. चढवू म्हटलं तरी चढत नाही.

दोन मापटी पाणी शेरात ओतलं. काठाला टेकलं आणि थांबलं. एक थेंब बाहेर नाही. पोरं शेराभोवती वाकून बघू लागली. मग बायना म्हणाली, "अर्धा शेराचा न्हवता मास्तर, शिगेचा व्हता." मला नेमकं कळलं नाही ती काय म्हणाली, पण मास्तर ओसरीच्या टोकाला उभे राहून भिंतीकडं तोंड करून हसत होते. तीच ओसरी, जी त्यांनी आम्हाला सुतळीनं मोजायला लावली होती.

फळा पुसायला काही नव्हतं. माझं फडकं सोडून घेतलं. वाळलं की परत बांधीन.

माघ, शिवरात्र आठ दिवसांवर.

जाता येत नाही म्हणून नाही, तास संपत नाहीत म्हणून राहिलोय.

नवीन भांडण लागलंय. आठ शेरांना पावानं भागलं तर बत्तीस. पावकी सगळ्यांना येते, उत्तर सगळ्यांना येतं. पण भागल्यावर वाढलं कसं?

मुंजाजी म्हणाला, "वाटलं की कमी हुतंय. आमच्या बापाचं रान चौघा भावांत वाटलं, ते काय वाढलं?"

"ते चौघांत वाटलं. इथं पावानं वाटायचंय," मी म्हणालो.

"पाव माणसाला वाटू का? त्याचं तोंड कुटल्या अंगाला असतंय?"

उमाक्का हसून हसून खांबाला टेकली. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "मला येतंय. म्हणून मी न्हाई सांगणार." असा माणूस.

शिवरात्रीच्या आधी.

कळलं. मुंजाजीच्या शेतात कापणी चालली होती, सहज बघायला गेलो आणि कापत बसलो. (मास्तर वर्गात वाट बघत होते. उद्या बोलणी बसतील.) तहानलेली पोरं आली. पाणी काढायला शेर होता, प्यायला भांडं एक, चिपटं. चिपटं म्हणजे पाव शेर. घागरीतलं एक शेर पाणी मोजून काढलं आणि चिपट्यानं देत गेलो. चार पोरं पिऊन शेर संपला. अजून एक शेर, अजून चार.

मी चिपटं हातात धरून उभाच राहिलो. मी पाव माणसाला वाटत नव्हतो. शेरात चिपटं किती वेळा बसतं ते मोजत होतो. भाग लहान तितक्या वेळा जास्त.

मुंजाजीला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला पाणी वाढायला सांगितलं. दुसऱ्या शेराला तोच ओरडला, "आरं, हे तर मोजायलोय मी, वाटायलो न्हाई." पाखरं उडाली सगळी.

फाल्गुन शुद्ध, तृतीया.

मुहतमीम साहेब आले. शेरवानी, डोळ्याला सोन्याच्या काडीचा चष्मा, बरोबर पेशकार, म्हणजे कारकून. शेटचा सकाळपासून तीनदा फेटा बांधून झाला होता. भीती होती तेच झालं. साहेब खुर्चीवर बसता बसताच म्हणाले, "क्यों भई, यहाँ आधा और आधा डेढ होता बोलके सुना मैं. किसका सबक़ था वो?"

शेटनी डोळे मिटले. मला दखनी येते, सटवाजीबरोबर फिरून आलेली. मी उभा राहिलो.

"मेरा था साहब. फिर करके दिखाऊँ?"

मी काही न लपवता तेच केलं. शेर ठेवला, मापटं शीग चढवून भरलं, दोनदा ओतलं. ज्वारी साहेबांच्या बुटापाशी सांडली. पेशकार पुढं सरसावला. साहेबांनी हातानं थांबवलं.

मी पोरांना म्हणालो, "चूक कुठं?"

सगळी म्हणाली, "शिगेत." बायना म्हणाली, "पाण्यानं करा."

तांब्या आला. ओतलं. काठाला थांबलं. साहेब खुर्चीवरून उठले, मापटं माझ्या हातातून घेऊन स्वतः ओतलं. बाही भिजली, त्यांना भान नाही. एकदा जास्त ओतून बघितलं, पाणी ओघळून गेलं. "शीग नहीं चढती," म्हणाले, स्वतःशीच.

मग खुर्चीवर परत बसले आणि म्हणाले, "अब ये बताओ. आठ सेर को पाव से तक़सीम किया तो बत्तीस. बढ़ा क्यों? तुम नहीं बोलना. बच्चे बोलेंगे."

मला येत होतं. जिभेच्या टोकावर होतं. आयुष्यात पहिल्यांदा येत होतं आणि बोलायचं नव्हतं. मी पोरांपुढं पाण्यानं भरलेला शेर ठेवला, चिपटं ठेवलं, आणि हात मागं बांधले. पोरं शेराकडं बघत बसली. शेट खाकरले. मुंजाजीच्या गळ्याची शीर फुगली होती, पण त्यानंही दात आवळून धरले. मास्तरांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी बोटसुद्धा हलवलं नाही.

बायनेनं चिपटं उचललं. भरलं, तांब्यात ओतलं. परत भरलं, ओतलं. चार झाल्यावर शेर रिकामा. ती बोटं मोजत बसली. मग दुसरं एक पोर म्हणालं, "अशे आठ शेर." तिसरं म्हणालं, "चार आठी बत्तीस." आणि बायना साहेबांकडं बघून म्हणाली, "वाढलं न्हाई काय. पाणी तेवढंच हाय. चिपटंच बारकं हाय, म्हणून लय वेळा भरलं."

पेशकारानं उर्दूत सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मास्तरांना म्हणाले, "ये लड़का कौन गाँव जाएगा?"

"ताडकळस," मास्तर म्हणाले, उशीर न लावता.

मी चमकलो. साहेबांना काही तरी गाव सांगायचं म्हणून सांगितलं असेल.

फाल्गुन शुद्ध, होळीच्या आदल्या दिवशी.

इजाजत आली. सहाही गावांना. शेटनी कागद मठात आणून मास्तरांच्या पायावर ठेवला, मग उचलून सगळ्यांना वाचून दाखवला. उर्दूतला एकेक शब्द मोठ्यानं. उमाक्का, वालूर, मुलींची शाळा. मुंजाजी, त्याच्या मामाचं गाव. शेवटी ताडकळस, मदरसा म्हणजे शाळा मारुतीच्या देवळापुढं, मास्तर आश्रुबा.

मुंजाजीनं मला खांद्यावर उचलून ओसरीभर फिरवलं आणि सबंध औटकी म्हटली. सात औटं साडेचोवीसला थांबून माझ्याकडं बघितलं. कबुतरं परत यायला संध्याकाळ झाली.

मी मास्तरांना विचारलं, "तुमाला कवापासून ठावं व्हतं?"

"ज्या दिवशी सटवाजी म्होरं गेला, त्या दिवशी."

"मी तर जाणार व्हतो."

"व्हय. रोज जायलाच व्हतास."

दुसऱ्या दिवशी, निघताना.

बोचकं बांधायला घेतलं. सुतळी उमाक्काच्या वर्गाला लागणार. कांबळ्यावर पोरं बसतात. तांब्या तर आता शाळेचाच. दाराशी फडकं तेवढं होतं, धुऊन घडी घातलेलं. खडूचा पांढरा डाग काही गेला नाही.

बांधायला काहीच नव्हतं. तसाच उभा होतो. मास्तर आतून आले. त्यांनी फडक्यात नवा शेर ठेवला, वर दोन मापटी, आणि त्यांच्यात चार चिपटी. शेटनी दिलेली. गाठ त्यांनी स्वतः मारली.

पूर्णा स्टेशन.

सेलूहून गाडीनं आलो. ताडकळसला इथून चालत जायचं. स्टेशनबाहेर ओळखीची हाळी ऐकू आली, आगऱ्याचा ताज बघा, दिल्लीचा किल्ला बघा. सटवाजी.

"आलोच म्हणाला व्हतास की रे. जत्रा सुरू व्हायल्यात, चल."

डब्याला डोळा लावला. सवय जात नाही. ताज गेला, किल्ला गेला, हत्ती आला. अजून निम्मी चित्रं राहिली होती, तोच बोचक्यातली भांडी एकमेकांवर वाजली.

मी उठलो.

"आरं, अर्धाच खेळ बगितलास."

"अर्धा कशाचा?" मी विचारलं.

सटवाजीला कळलं नाही. मी बोचकं डोक्यावर घेतलं आणि चालू लागलो. लिंबाची सावली दुपारपर्यंतच असते. त्याआधी पोचायचंय.